बाईंचं डावं

डॉक्टर "डावा हात वर करा" म्हणाली आणि फूटपट्टीनं उजवा हात वर केला. अर्धवट नव्हे, उत्तर येणारा मुलगा वर्गात करतो तसा पार कानाच्या वर. वर करून समोर बसलेल्या बाईंकडे बघून तो हसलाही. बाई डॉक्टरच्या पाठीमागे, वजनकाट्याशेजारच्या लोखंडी स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर पोरसवदा होती, बाईंच्या लेकीपेक्षाही दोन-चार वर्षांनी लहान असेल. केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं कागदावर एक ओळ लिहिली आणि त्याच सुरात म्हणाली, "आता उजव्या हातानं डावा कान धरा." फूटपट्टीनं डाव्या हातानं उजवा कान धरला आणि शिक्षा झाल्यासारखा तो धरूनच बसला. डॉक्टरनं दुसरी ओळ लिहिली. बाईंनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. आणि मागोमाग, काही कारण नसताना, हसू आलं. नवऱ्याच्या डोक्याची तपासणी चालली आहे आणि आपल्याला हसू येतंय, म्हणजे तपासायला हवं ते आपलंच डोकं, असं त्यांना वाटलं. पण हसू आलं होतं खरं. कारण तो का चुकला हे जगात एका त्यांनाच ठाऊक होतं. निदान त्या खोलीत, त्या घडीला, तशी त्यांची पक्की समजूत होती.

फूटपट्टी हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. उंच, सडपातळ, कमरेत न वाकणारा. चालायचा तोही नाकासमोर. आणि जन्मभर काम केलं ते एका रेघेवर. लोक चंद्रावर गेले, समुद्राच्या तळाशी गेले. हा शून्यापासून निघाला आणि एकाच्या पुढं म्हणून कधी गेला नाही, असं निरोपाच्या भाषणात कुणी तरी म्हणालं होतं तेव्हा सगळ्यात जोरात तोच हसला होता. बाईंना मुलं नुसतंच "बाई" म्हणत. त्यांना टोपणनाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही. दोघं एकाच विभागात, एकाच विषयात, आणि गेली चौतीस वर्षं एकाच घरात. लग्न झाल्यावर महिनाभरातच बाई त्याला "पट्टी" म्हणायला लागल्या होत्या, आणि पुढं लेकीच्या शाळेत अर्जावर वडिलांचं नाव लिहिताना क्षणभर त्यांचा हात थबकला होता.

त्यांचा विषय लोक समजतात तितका अवघड नव्हता. एक रेघ घ्यायची. ताणून लांब करायची, मधोमध दुमडायची आणि पुन्हा पहिल्याच जागेत बसवायची. रेघेवरचा एखादा बिंदू यात कुठल्या कुठं जातो. पुन्हा ताणा, पुन्हा दुमडा; तो आणखी कुठं तरी जातो. नेमका कुठं गेला ते लिहीत बसायचं नाही. मध्याच्या डावीकडे असला तर 'डा' लिहायचं, उजवीकडे असला तर 'उ'. डा, उ, उ, डा, उ. अशी अक्षरांची माळ पुरेशी लांब झाली की निव्वळ तिच्यावरून तो बिंदू मुळात कुठून निघाला होता ते हवं तितक्या बारकाईनं सांगता येतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना ते इतकं आवडलं होतं की संध्याकाळी बसथांब्यावर त्या उगाचच उभ्या राहिल्या, दोन बस सोडल्या. माणसाबद्दल आपल्याला तरी दुसरं काय कळतं? या वळणावर इकडे गेला, त्या वळणावर तिकडे गेला. त्यावरून तो कुठून निघाला असेल ते ओळखायचं. फक्त एक खोच होती. दुमडलेल्या रेघेचा उजवा भाग उलटा पडतो. त्यामुळे दोन माळांपैकी मोठी कुठली ते ठरवताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक 'उ'पाशी लहान-मोठं फिरवावं लागतं. सगळ्या नवशिक्यांचे पाय इथंच घसरतात. फूटपट्टी फळ्यावर खडू आपटून सांगायचा, "उजवा नाही रे, उ म्हणजे उलट. उलट." त्याचा स्वतःचा पाय तीसेक वर्षांत एकदाही घसरला नव्हता.

तर, टेबलाची गोष्ट. संसारात पहिली वस्तू घेतली ती ते टेबल. पलंग नंतर आला. समोरासमोर बसून, मधे एकच कागद ठेवून दोघं काम करत. पहिल्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं. तो रेघेच्या ज्या टोकावर बोट ठेवून 'डा' म्हणे ते बाईंच्या बाजूनं उजवं असे, आणि दीड-दीड दिवसाचं काम दोनदा पाण्यात गेलं. मग दोघांनी टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी बसून पाहिलं. त्यात काहीच काम झालं नाही, नवीन लग्न होतं. शेवटी तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हे बघ, या टेबलावर डावं म्हणजे तुझं डावं. मी माझं सोडलं." एवढंच. सिगारेट सोडावी तसं सोडलं. आणि मोडलं नाही. पुढं पुढं तर बाई समोर असल्या की त्याचं डावं आपोआप उलटं होई, नसल्या की सुलटं. प्रवासात समोरच्या बाकावरच्या बाईंना तो म्हणे, "डावीकडे बघ, नदी आली," आणि त्याच्या शेजारचे दोघं-तिघं उतारू माना वळवून नुसतीच कोरडी भिंत बघत. लेक तर टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसून वाढली. शाळेत कवायतीच्या पहिल्याच दिवशी "डावीकडे वळ" म्हटल्यावर तिनं हात वर करून विचारलं होतं, "कुणाच्या?" कवायतीच्या मास्तरांनी आईबापांना बोलावून घेतलं. दोघांनी त्यांना पाऊण तास समजावलं, फळाही वापरला. त्यानंतर मास्तरांनी त्या मुलीला कवायत माफ केली.

हे सगळं डॉक्टरला सांगायचं म्हणून बाई मागं थांबल्या, आणि "डॉक्टर, आमच्या घरी एक टेबल आहे," इथपर्यंत आल्या. डॉक्टर मान तिरकी करून ऐकत होती. त्या ऐकण्यात इतकी माया होती की बाईंनी पुढचं वाक्य सोडूनच दिलं. त्यांना कळलं, नातेवाईक असंच काहीबाही सांगतात; ही रोज ऐकत असणार. डॉक्टर म्हणाली की एवढ्यावरून काही ठरत नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू, तोवर एकट्यानं लांब जाऊ देऊ नका. आणि याआधी असं काही काही झालं असेल ते आठवून लिहून आणा, तारखेसकट. बाहेर फूटपट्टी पाण्याच्या यंत्राशी उभा राहून कागदी पेला किती दाबला की गळतो ते बघत होता. "पास झालो का गं?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, काठावर. घरापर्यंतच्या वाटेवर त्यांनी त्याचा हात धरला होता, आणि तो सरळ वाटेनं, एकही वळण न चुकता, त्यांना घरी घेऊन आला.

तारखेसकट, असं कुणाला सांगावं याचा काही विचार असतो. दुसरी एखादी बायको असती तर तिनं चार प्रसंग चार ओळींत लिहिले असते आणि रडली असती. बाईंनी चार तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि त्यांचा हात, त्यांना न विचारता, वजाबाक्या करायला लागला. पहिली तारीख तीन जानेवारीची. त्या दिवशी जुन्या विभागात फूटपट्टीचं व्याख्यान होतं आणि बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यानं फळ्यावर नऊ-नऊ अक्षरांच्या दोन माळा लिहिल्या, लहान कुठली मोठी कुठली सांगितलं, आणि एका 'उ'पाशी उलट करायचं विसरला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं भीतभीत हात वर केला. तो वळला, बघितलं, "अरे, खरंच की," म्हणाला आणि हसला, वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. एखाद्या मुरलेल्या पोहणाऱ्याच्या नाकातोंडात उथळ पाण्यात पाणी जावं, तसं ते होतं. दुसरी तारीख एक ऑगस्ट: तो बसमधून दोन थांबे आधीच उतरला आणि चालत आला, घामाघूम, विचारलं तर म्हणाला, थांबा तिथंच होता, घर पुढं गेलं. तिसरी सात नोव्हेंबर: लेकीला फोनवर त्यानं परीक्षेचं विचारलं. लेक बारा वर्षं नोकरी करतेय. ती म्हणाली, बरी गेली बाबा. मग रात्री आईला फोन करून रडली आणि डॉक्टरचं नाव तिनंच शोधून दिलं. चौथी तारीख परवाची, बावीस डिसेंबर. वर केलेला उजवा हात.

दोनशे दहा दिवस. मग अठ्ठ्याण्णव. मग पंचेचाळीस. दोनशे दहाला अठ्ठ्याण्णवनं भागलं तर दोन पूर्णांक चौदा. अठ्ठ्याण्णवला पंचेचाळीसनं भागलं तर दोन पूर्णांक अठरा. बाईंनी पेन खाली ठेवलं.

कारण हे त्यांना पाठ होतं. रेघ ताणायच्या त्या नियमात एक खुंटी असते. ती हळूहळू पिळत नेली की आधी एका जागी स्थिर बसलेला बिंदू दोन जागांत झुलायला लागतो, मग चार, मग आठ, मग सोळा. आणि प्रत्येक दुपटीला आधीच्यापेक्षा कमी पिळावं लागतं, ठरलेल्या प्रमाणात कमी; चार पूर्णांक सहा-सहा-नऊ हे त्या प्रमाणाचं नाव. अंतरं अशी ठरलेल्या प्रमाणात आखडत गेली की दुपटी कितीही होवोत, त्या सगळ्या मिळून एका ठरावीक खुणेच्या आतच संपतात. खुणेपलीकडे ताल उरत नाही. तरुणपणी दोघांनी अशा माळांचे तक्ते केले होते, कोणत्या माळेनंतर कोणती माळ येते त्याचे, आणि त्या खुणेची जागा दहाव्या दशांशापर्यंत काढली तेव्हा आनंदानं बाहेर जेवायला गेले होते. आता इथं अंतरं आखडत होती आणि भागाकार सव्वादोनच्या अलीकडे एकाच जागी बसत होता. उरलेल्या सगळ्या अंतरांची बेरीज करायला बाईंना कागदही लागला नाही. एकोणचाळीस दिवस. तीस जानेवारी.

चार बिंदू, दोन गुणोत्तरं. एवढ्यावर कुणा विद्यार्थ्यानं निष्कर्ष काढून आणला असता तर बाईंनी त्याची वही खिडकीबाहेर भिरकावली असती. माणूस म्हणजे रेघ नव्हे, विसरणं म्हणजे खुंटी नव्हे, हे त्यांना कळत होतं. कळत होतं ते डोक्याला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, नळाखाली हात धरला असताना तीस जानेवारी ही तारीख अंगात कुठून तरी उठायची, आणि जिभेला धातूची चव यायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण वैऱ्याला भागाकार येत नसतो. कधी वाटे, आपल्याला हा विषय आला नसता तर? शेजारच्या घरी आजोबा गेली सहा वर्षं सगळ्यांची नावं चुकवतात, आणि त्यांच्या सुना नुसत्या "बाबा, मी धाकटी" म्हणतात आणि ताट वाढतात. त्यांना तारीख नाही. त्यांना फक्त आजोबा आहेत.

एक आशा होती, आणि तिला बाई दोन्ही हातांनी धरून होत्या. बावीस डिसेंबर हे विसरणं नसेल. आपण त्याच्या समोर बसलो होतो. त्यानं डावं सोडलंय ते आपल्यासाठी. आणि तो उलट चुकला तो दोन्ही वेळा उलट चुकला, हातालाही आणि कानालाही. जो सगळीकडे सारखाच चुकतो तो चुकत नसतो, त्याची नुसती अक्षरं बदललेली असतात. 'डा'ला 'उ' म्हणा, 'उ'ला 'डा' म्हणा, सगळे सिद्धांत जसेच्या तसे उभे राहतात. चौथी तारीख गळली की एकच गुणोत्तर उरतं, आणि एका गुणोत्तराला प्रमाण म्हणत नाहीत. म्हणून पुढचे दहा-बारा दिवस बाईंनी नवऱ्यावर प्रयोग केले. कोचावर शेजारी बसून म्हणायचं, पट्टी, डावीकडची उशी दे. बरोबर. तो बूट घालताना मागं उभं राहून म्हणायचं, डाव्या पायाची नाडी सुटलीय. बरोबर. समोर बसून म्हणायचं, डावीकडची वाटी सरकव. त्यानं बाईंच्या डावीकडची सरकवली, म्हणजे तेही बरोबर. मधेच सकाळच्या चहाबरोबर त्या अकरा अक्षरांच्या दोन माळा त्याच्यापुढं टाकत. तो पेपर खाली न ठेवता सांगे, "खालची मोठी. आणि तू मला आज हे का विचारतेयस?" बाई म्हणत, सहज. फूटपट्टी मान डोलवी. चौतीस वर्षांत बाईंनी सहज असं काहीही विचारलेलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

या दिवसांत घरात एक विचित्र लाडीगोडी आली होती. बाई एरवी बोलण्यात कडक. पण आता त्यांनी त्याच्या दाढीच्या साबणाची डबी धुऊन ठेवली. तो आंघोळीला गेला की त्या दाराबाहेर उगाच रेंगाळत आणि आत त्याचं बेसूर गाणं चालू आहे हे ऐकून स्वयंपाकघरात परत येत. एकदा दुपारी तो खुर्चीत डुलक्या घेत होता, तोंड उघडं, हातात पेन्सिल. त्याच्या मनगटावरचं घड्याळ पट्ट्याच्या नव्या भोकात बसवलेलं दिसलं. भोक त्यानंच पाडलं असणार, बारीक झाला होता. बाई बघत राहिल्या. हा माणूस मला हवा आहे, असं त्यांच्या मनात इतक्या स्पष्ट शब्दांत आलं की त्या दचकल्या. लग्नाच्या वेळीही असं स्पष्ट आलं नव्हतं; तेव्हा बुद्धी, विषय, घरचे लोक असं बरंच काही मधे होतं. आता मधे काही नव्हतं.

चार जानेवारीला, डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी, सकाळीच बाईंनी डॉक्टरसाठी चार तारखांची यादी स्वच्छ अक्षरात लिहिली, घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि त्या बँकेत गेल्या. वजाबाक्यांचा कच्चा कागद जुन्या तक्त्यांच्या फाइलमध्ये होता. एरवी त्या फाइलला गेल्या पाच वर्षांत कुणी हात लावला नव्हता. दुपारी परत आल्या तर फूटपट्टी टेबलाशी त्याच्या बाजूला बसला होता आणि तो कागद त्याच्यासमोर होता. "काखेत कळसा," तो म्हणाला. "तू अकरा अक्षरांच्या माळा कुठून काढतेस ते बघायला मी फाइल उघडली." बाई चपला न काढताच समोरच्या खुर्चीत बसल्या. तो चिडला नव्हता. एखाद्या प्रबंधाचं प्रकरण तपासावं तसा तो कागद बघत होता, चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकायच्या बेतात.

"दोन गुणोत्तरांवर प्रमाण काढतात?" त्यानं विचारलं. "तू तर पोरांना पाचाच्या खाली बोलू द्यायची नाहीस."

बाई एकदम बोलल्या, आणि सगळंच एका दमात बोलल्या: की चौथी तारीख धरायचीच नाही, ती आपण उगाच लिहिली, आपण त्याच्या समोर बसलो होतो, टेबलाची सवय, दुसरं काही नाही, हो ना? बोलताना आपला आवाज नापास झालेल्या मुलीसारखा येतोय हे त्यांना ऐकू येत होतं. फूटपट्टीनं चष्मा खाली घेतला. त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं. बाईंनी उत्तर लिहूनच दिलं होतं, त्यानं खाली सही करायची होती.

"नाही," तो म्हणाला. "तू तिथं होतीस ते मला हात वर केल्यावर दिसलं. ती डावा म्हणाली आणि मला कळेचना. शब्द आला, त्याच्यामागून काही आलंच नाही. मग एक हात वर केला. हसलो ते घाबरून."

बाहेर कुणी तरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं. प्रत्येक पायरीला घंटी आपोआप वाजत होती. बाईंनी त्या घंट्या मोजल्या. त्याचं खोटं न बोलणं त्यांना नवीन नव्हतं. एकदा सहा महिन्यांच्या कामानंतर पत्रिकेला निबंध पाठवायच्या दिवशी त्यानंच त्यातली चूक शोधून तो परत आणला होता आणि बाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. तेव्हाही असाच शांत होता. ठेव चौथी तारीख, तो म्हणाला, ती खरी आहे. मग पेन्सिल घेतली. "पण यादीच अपुरी आहे तुझी. एक राहिलंय. तुला सांगितलं नव्हतं." आणि पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मधल्या कोऱ्या जागेत त्यानं सावकाश लिहिलं: अठरा एप्रिल, वाचनालयातून परतताना औषधांच्या दुकानापाशी रस्ता आठवेना, पंधरा मिनिटं उभा. लिहून त्यानं कागद बाईंकडे सरकवला आणि खुर्चीत मागं रेलला. "घे. आता भाग."

बाईंनी भागलं. हे त्यांना डोळे मिटूनही आलं असतं. तीन जानेवारी ते अठरा एप्रिल, एकशे पाच. अठरा एप्रिल ते एक ऑगस्ट, एकशे पाच. मग अठ्ठ्याण्णव, मग पंचेचाळीस. एक, एक पूर्णांक सात शतांश, दोन पूर्णांक अठरा. कशाला काही मेळ नाही. आखडत जाणारं अंतर नाही, प्रमाण नाही, खूण नाही. तीस जानेवारी ही तारीख कागदावरून पुसल्यासारखी गेली. बाईंनी श्वास सोडला. आणि मग त्यांची नजर परत वर गेली. एकशे पाच आणि एकशे पाच. एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. दोनशे दहा दिवसांची नेमकी मधोमध घडी. खोटी तारीख सांगायची तर कुणीही अकरा एप्रिल म्हणालं असतं, सव्वीस म्हणालं असतं, मे महिना म्हणालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघालेल्या या माणसाला मध्यबिंदू काही सोडता आला नाही. शिवाय एप्रिलचा तो सगळा आठवडा तो एकशे तीन तापानं अंथरुणात होता. बाईंनीच दर चार तासांनी ताप लिहून ठेवला होता. वाचनालय कुठलं आणि औषधांचं दुकान कुठलं. तापाचं तो विसरलाही असेल. पण विसरणारा माणूस इतका नेमका विसरत नाही. याला अजून दोनशे दहाचं अर्धं येतं, कुठं घाव घातला की प्रमाण मोडतं ते येतं, आणि बायकोला कशाची भीती वाटतेय तेही न सांगता ओळखता येतं.

त्यांनी मान वर केली. तो त्यांच्याकडेच बघत होता, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा.

"मोजलंस?" त्यानं विचारलं.

"मोजलं."

"मग?"

पर्समधली यादी चार तारखांचीच होती आणि उद्या ती तशीच डॉक्टरच्या हातात जाणार होती. त्यात बाई कुणाचंही ऐकणार नव्हत्या. पण हा कागद घरातला होता. चौतीस वर्षं एकमेकांचं प्रत्येक पान ताडून झाल्यावर दोघं त्याच्याखाली दोनच शब्द लिहीत आले होते, आणि ते शब्द दोघांनीही एकदासुद्धा पुरती खात्री झाल्याशिवाय लिहिले नव्हते. त्यासाठी भांडले होते, अबोले धरले होते. बाईंनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. डोळे भरून आल्यामुळे ओळ जरा तिरकी गेली, पण अक्षर त्यांचंच होतं, नेहमीचं. अठरा एप्रिलच्या खाली त्यांनी लिहिलं: तपासले, बरोबर.